सहीआधीचे प्रश्न: कोल्हापुरातल्या एका छोट्या कॉफी शॉपच्या तयारीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोल्हापुरातलं आहे. दुकान आजही सुरू आहे, त्यामुळे नाव, गल्ली आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि रकमा जवळच्या आकड्यावर आणल्या आहेत. दुकान काढणाऱ्या बहीण-भावाच्या हिशेबाचं काम मी पाहतो, म्हणून निर्णय होताना बहुतेक वेळा टेबलाच्या याच बाजूला होतो. एवढं सविस्तर लिहायचं कारण साधं आहे. कॉफी शॉप काढायचं म्हणून माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी आधी जागा पक्की करून येतात. वीज, पाणी आणि पैसा यांचे प्रश्न त्यानंतर विचारले जातात, आणि तोवर हात बांधले गेलेले असतात.

## पार्श्वभूमी

बहीण चौतिशीची. बेंगळुरूत काही वर्षं काम केलेली, आधी एका कॅफेत आणि मग एका रोस्टरीत, म्हणजे कॉफीच्या बिया भाजणाऱ्या ठिकाणी. मशीनवर हात बसलेला, चिकमगळूरच्या दोन कॉफी मळेवाल्यांशी थेट ओळख. वडिलांच्या आजारपणामुळे ती 2024 च्या उन्हाळ्यात घरी परतली. धाकट्या भावाचं मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. व्यापार त्याला कळतो, कॉफी नाही.

पैसे असे होते: बहिणीची बचत 8 लाख आणि मुद्रा योजनेतून 6 लाखांचं कर्ज. मुद्रात 5 लाखांच्या पुढचं कर्ज ‘तरुण’ गटात येतं. बँकेने यंत्रांची कोटेशनं आणि एक वर्षाचा अंदाज मागितला. एकूण हाताशी 14 लाख.

दोन जागा नजरेत होत्या. पहिली मेन रोडवर, भाडं 48,000, डिपॉझिट 3 लाख. दुसरी आतल्या गल्लीत, एका जुन्या घराचा तळमजला, 320 चौरस फूट, भाडं 22,000, डिपॉझिट 1 लाख. भाऊ मेन रोडवर अडून बसला होता: “ताई, तिथं गिऱ्हाईक चालत येतंय. गल्लीत त्याला शोधत यायला लागंल.” बहिणीला गल्ली पटली होती. जाड भिंती, शहाबादी फरशी, शेजारी एक अभ्यासिका, दोन क्लासेस आणि तीन दवाखाने.

दोघांनी एक शहाणपणा केला. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही जागांसमोर उभं राहून माणसं मोजली, आणि नुसती संख्या नाही तर कोण थांबतं तेही पाहिलं. मेन रोडवरून कितीतरी जास्त माणसं जात होती, पण गाडी लावायला जागा नव्हती आणि ज्याच्या त्याच्या हातात काम होतं. गल्लीत माणसं कमी, पण दवाखान्यात नंबर लावून बसलेली, क्लास सुटायची वाट पाहणारी. अशी माणसं अर्धा तास बसू शकतात. गल्ली ठरली आणि घरमालकांना 25,000 रुपये विसार दिला.

## अडचण कुठे आली

विसार दिल्यावर आठवड्याभरात वायरमन आला. मीटर घरगुती, सिंगल फेज, मंजूर भार 2 किलोवॅट. बहिणीने ठरवलेलं दोन ग्रुपचं (ग्रुप म्हणजे कॉफी उतरणारं तोंड) एस्प्रेसो मशीन एकटंच 4 किलोवॅटच्या वर घेणारं. त्यात ओव्हन, एसी, फ्रीज, ग्राइंडर, दिवे. बेरीज 10 किलोवॅटच्या आसपास गेली. म्हणजे थ्री फेज, खांबापासून नवी केबल, महावितरणकडे अर्ज, आणि मालकांची लेखी संमती.

“सध्या आहे त्याच मीटरवर सुरू करा, नंतर बघू,” असं सांगणारे बरेच भेटले. हे अजिबात करू नये. घरगुती मीटरवर दुकान चालवणं हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शिवाय शॉर्ट सर्किटने काही घडलं तर विमा कंपनी पहिला प्रश्न मीटरचाच विचारते.

पाण्याचंही तसंच निघालं. नळाला बोअरचं पाणी येत होतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 650, आणि जडपणा एवढा की मालकांच्या गिझरची कॉइल पांढरी पडलेली. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या शिफारशीत कॉफीच्या पाण्याचा टीडीएस 150 च्या आसपास असावा असं म्हटलं आहे, आणि 75 ते 250 चालतो. 650 च्या पाण्यावर बॉयलरमध्ये काही महिन्यांत क्षार बसतात. महागडी मशीनं वाया जाण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि दुकान शोधताना त्याकडे कोणी पाहत नाही.

मग इंटिरिअरचं कोटेशन 6 लाखांचं आलं.

## समोरचे पर्याय

एका रविवारी तिघं बसलो. वाटा तीन होत्या.

पहिली, विसार सोडायचा आणि मेन रोडची जागा घ्यायची. तिथे थ्री फेजचं व्यापारी मीटर आणि महापालिकेचं पाणी आधीच होतं.

दुसरी, गल्लीतच राहायचं, थ्री फेजसाठी अर्ज करायचा आणि सगळं मूळ आराखड्याप्रमाणे, मोठ्या मशीनसह करायचं.

तिसरी, गल्लीतच राहायचं आणि दुकानच लहान करायचं. एका ग्रुपचं मशीन, ओव्हनऐवजी सँडविच ग्रिलर, एसी नाही. भार 6 किलोवॅटच्या थोडा वर, सिंगल फेजवर भागणारा.

भावना बाजूला ठेवण्यासाठी महिन्याचा न टळणारा खर्च कागदावर मांडला. गल्लीतलं भाडं 22,000, दोन मुलांचे पगार 32,000, बहिणीचा स्वतःचा पगार 20,000, वीज 12,000, कर्जाचा हप्ता 13,000, गॅस, इंटरनेट, सफाई आणि दुरुस्ती मिळून 8,000. एकूण 1,07,000.

बहिणीच्या पगारावर बराच वेळ वाद झाला. भावाचं म्हणणं, “ताई, पहिलं वर्ष तू पगार घेऊ नकोस, आकडा लगेच खाली येईल.” मी ती ओळ काढू दिली नाही. आज बाहेर नोकरी केली असती तर तिला जे मिळालं असतं ते दुकानाने देणं लागतं. ते हिशेबात धरलं नाही तर दुकान तोट्यात असूनही नफ्यात दिसतं, आणि माणूस दोन वर्षांनी थकून बंद करतो तेव्हा कुणालाच कारण कळत नाही.

कच्च्या मालाला विक्रीच्या 35 टक्के धरले. 100 रुपयांमागे 65 उरतात. म्हणजे ना नफा ना तोटा होण्यासाठी महिन्याला साधारण 1,65,000 ची विक्री हवी. सोमवारी बंद, महिन्याचे 26 दिवस, माणशी सरासरी बिल 120 रुपये: दिवसाला 53 माणसं.

मेन रोडसाठी हाच हिशेब केला तर आकडा 66 येतो. भाडं दुपटीहून जास्त, पण फरक दिवसाला फक्त 13 माणसांचा. हे पाहिल्यावर मीही थबकलो. नुसतं भाडं पाहून जागा महाग किंवा स्वस्त ठरवणं किती फसवं असतं ते इथे दिसतं. भावाचा आग्रह निव्वळ हौसेचा नव्हता.

निर्णय शेवटी वेगळ्याच आकड्यावर झाला. मेन रोड आणि मोठं मशीन धरलं तर 14 लाख पुरतच नव्हते, लाखभर कमी पडत होते. गल्ली आणि लहान मशीन धरलं तर खर्च पावणेअकरा लाखांत बसत होता: डिपॉझिट 1 लाख, मशीन व ग्राइंडर 3.2, बांधकाम व फर्निचर 3.6, फ्रीज वगैरे 0.9, वीज 0.6, पाणी 0.35, बाकी पाटी, परवाने, पहिला माल. हातात सव्वातीन लाख उरत होते, म्हणजे एक रुपयाची विक्री झाली नाही तरी तीन महिने. तिसरी वाट धरली.

एवढं लहान मशीन पुरेल का, हा प्रश्न होताच. बहिणीने त्याचं उत्तर दिवसाच्या कपांवरून दिलं नाही, गर्दीच्या एका तासावरून दिलं. संध्याकाळच्या तासात फार तर 25 कप जातील असा मोजणीवरून अंदाज होता. सरावलेल्या हाताला एका ग्रुपवर तासाला 30 कप काढता येतात. दिवसाचे 60 कप आणि तासाचे 60 कप यांना लागणारी मशीनं वेगळी असतात.

## काय केलं

करार. मालक निवृत्त शिक्षक. त्यांनी 11 महिन्यांचा छापील मसुदा पुढे केला आणि नोटरीवर भागवू म्हणाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, मग तो 11 महिन्यांचा का असेना. आणि साडेतीन लाखांचं बांधकाम 11 महिन्यांच्या भरवशावर करणं धोक्याचं. बहीण स्वतः त्यांच्याकडे गेली. “काका, मी फरशीला हात लावणार नाही, भिंत पाडणार नाही, पण मला तीन वर्षं पाहिजेत,” एवढंच बोलली. 36 महिन्यांचा करार झाला, दरवर्षी 5 टक्के वाढ. मालकांना तीन वर्षं काढता येणार नाही, हिला सहा महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडता येईल. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं गृहीत धरलेलं व्याज यांच्या 0.25 टक्के, म्हणजे सुमारे 2,150 रुपये, आणि नोंदणी फी 1,000. एवढ्या पैशात तीन वर्षांची झोप मिळते.

त्याच बैठकीत नव्या व्यापारी जोडणीसाठी मालकांची संमती आणि पहिल्या महिन्याच्या भाड्याची माफी लिहून घेतली. मीटर बसायला सव्वा महिना लागला. माफी नसती तर ते भाडं बंद दुकानाचं गेलं असतं.

पाणी. आरओ लावून सगळं पाणी गाळणं हा पहिला विचार होता. पण आरओचं पाणी 40 टीडीएसवर येतं, त्यात कॉफी सपक लागते आणि धातूलाही ते फार चांगलं नसतं. मग कच्चं पाणी थोडं परत मिसळायला हवं, आणि त्याचं प्रमाण रोज कोण सांभाळणार? महापालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ येत होतं आणि मालक ते बोअरच्याच टाकीत सोडत होते. ती लाईन वेगळी काढली, 500 लिटरची स्वतंत्र टाकी बसवली, पुढे कार्बन फिल्टर आणि जडपणा कमी करणाऱ्या सॉफ्टनरचं काडतूस. मोजलं तर टीडीएस 130 च्या आसपास. बोअरचं पाणी भांडी आणि फरशीला. सगळ्या तयारीत मला सर्वांत आवडलेला निर्णय हा.

मशीन. बंद पडलेल्या एका कॅफेचं दोन ग्रुपचं मशीन पावणेतीन लाखांत मिळत होतं. मोह मोठा होता. पण सर्व्हिसची नोंद नव्हती आणि आधीच्या मालकाला पाण्याबद्दल विचारल्यावर तो “साधं नळाचं” एवढंच म्हणाला. बॉयलर उघडून दाखवायला तयार नव्हता. सोडलं. नवं एका ग्रुपचं घेतलं, तेही पुण्याहून दुसऱ्या दिवशी येऊ शकणारा मेकॅनिक आहे याची खात्री करून. गॅस्केट आणि शॉवर स्क्रीनचे जादा नग पहिल्या दिवसापासून कपाटात.

आणि लाईट गेली तर? पावसाळ्यात हा नेहमीचा प्रश्न. म्हणून पितळी फिल्टरची कॉफी मेनूत घेतली, गॅसवर होणारी, 40 रुपयांची. उडप्यांच्या हॉटेलांमुळे आपल्याकडे तिची चव ओळखीची आहेच.

परवाने आणि कर. दुकान बहिणीच्या नावावर, प्रोप्रायटरी. भावाच्या पॅनवर आधीच जीएसटी आहे. त्याच्या नावावर काढलं असतं तर पहिल्या कपापासून कर लागला असता. दहापेक्षा कमी कामगार असल्याने 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागली. अन्न सुरक्षेसाठी तेव्हा 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी 100 रुपयांची नोंदणी पुरत होती. पण 12 लाख म्हणजे महिन्याला 1 लाख, आणि आपल्याला तगायलाच 1,65,000 हवेत. म्हणून आधीपासून राज्य परवाना घेतला.

जीएसटीचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख. आपला तगण्याचा आकडा बारा महिन्यांचा धरला तर 19.75 लाख. म्हणजे दुकान धड चाललं की नोंदणी येणारच. रेस्टॉरंटला 5 टक्के कर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. मशीनवरचे 18 टक्के हा सरळ खर्च, नोंदणी आधी करून तो परत येत नाही. म्हणून सुरुवात नोंदणीशिवाय केली, मात्र मेनूतले दर पुढे 5 टक्के आतून द्यावे लागतील असं धरून ठरवले, म्हणजे नोंदणीच्या दिवशी गिऱ्हाइकाला दरवाढ दिसणार नाही.

दूध आणि बीन्स. कोल्हापूरच्या माणसाला म्हशीच्या दुधाची सवय. बहीण गायीच्या दुधावर शिकलेली, त्याचा फेस रेशमी येतो. ओळखीच्यांना बोलावून दोन्ही चाखवली. वयस्कर मंडळी म्हशीच्या बाजूची, तरुण गायीच्या. तिने दोन्ही ठेवायचं ठरवलं: फिल्टरला म्हशीचं, कॅपुचिनोला गायीचं.

बीन्सचा भाव ऑगस्ट 2024 मध्ये किलोला 850 ठरला होता. पुढे जगभर अरेबिका भडकली. ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला होता आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला 4 डॉलरच्या वर गेली. आमचा दर 1,150 झाला. एका डबल शॉटला 18 ग्रॅम लागतात, म्हणजे कपामागे साडेपाच रुपयांची वाढ. माणशी 120 च्या बिलात ती सोसवली. दर वाढवले नाहीत, पण ट्रेनिंगमध्ये वाया जाणाऱ्या बीन्सवर नजर कडक झाली. तो खर्च, आणि मुलांचा उघडण्याआधीचा पंधरवड्याचा पगार, अंदाजपत्रकात कुठेच नव्हता.

## काय झालं

दुकान जानेवारी 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात उघडलं. पहिल्या महिन्यात दिवसाला सरासरी 41 माणसं. मार्च-एप्रिलकडे पन्नाशी दिसू लागली, मग परीक्षा संपल्या, क्लासेस रिकामे झाले, ऊन वाढलं आणि आकडा पुन्हा 45 वर आला. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर प्रथमच 53 ची रेघ ओलांडली. तोवर राखीव सव्वातीन लाखांतले दोन लाखांच्या आसपास उरले होते. बहिणीचा पगार एकदाही चुकला नाही.

मार्चमध्ये मशीनचा पंप गेला. पार्ट यायला पाच दिवस लागले. त्या दिवसांत फिल्टर कॉफी, सँडविच आणि कोल्ड कॉफीवर दुकान उघडं राहिलं. विक्री निम्मी झाली, पण शटर खाली गेलं नाही.

पाण्याची टाकी आणि काडतूस यांनी काम चोख केलं. सहा महिन्यांनी मेकॅनिकने बॉयलर पाहिला, क्षार नव्हते. दिवाळीत वर्षाची विक्री पाहिली तर मार्चच्या आधी 20 लाख होणार हे स्पष्ट होतं, जीएसटीचा अर्ज तयार करून ठेवला.

## वेगळं काय करता आलं असतं

विसार देण्याआधी वायरमनला नेणं. तास-दोन तासांचं काम. मीटरचा प्रकार, मंजूर भार, खांब किती दूर, नळाला कुठलं पाणी, सांडपाणी कुठे जातं, मालक जोडणीला लेखी संमती देतील का. ही उत्तरं आधी असती तर भाड्यावर बोलतानाच हाताशी मुद्दे असते आणि केबलचा निम्मा खर्च मालकांकडे मागता आला असता.

दुधाचे दोन प्रकार पहिल्या दिवशी नको होते. छोट्या फ्रीजमध्ये जागा नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत गायीचं दूध रोज थोडं उरत होतं. आता दोन्हीची विक्री पुरेशी आहे, पण एकावर सुरू करून दुसरं उन्हाळ्यानंतर आणता आलं असतं.

उन्हाळा अंदाजात सपाट धरला होता. बारा महिने सारखी विक्री लिहिणं सोपं असतं, पण क्लासेसच्या गल्लीत एप्रिल-मे वेगळे असणार हे कॅलेंडर पाहूनही कळलं असतं.

मेन रोडबद्दल भावाचं आणि माझं अजून एकमत नाही. त्याचं म्हणणं, 13 माणसं जास्त सहज आली असती. मलाही तसं वाटतं, पण पहिले पाच महिने तोट्याचे गेले आणि राखीव पैसा नसता तर ते काढता आले नसते. आणखी 4 लाख हाताशी असते तर मी त्याच्या बाजूने मत दिलं असतं.

आणि वीज. अर्ज 6.5 किलोवॅटचा केला, तेव्हाच थ्री फेजचा करायला हवा होता. मशीन लहानच घेतलं असतं तरी चाललं असतं. थांबावं तेवढंच लागलं असतं, खर्च थोडा वाढला असता, पण केबल एकदाच टाकली गेली असती. मे महिन्यात एसी मागणारे बरेच होते, आणि संध्याकाळच्या तासाला आता 30 च्या जवळ कप जातात. दोन ग्रुपचं मशीन पुढच्या हिवाळ्याआधी घ्यायचं ठरतंय. त्यासाठी काकांची नवी संमती मिळाली आहे आणि थ्री फेजचा अर्ज आता महावितरणकडे गेला आहे. यावेळी मशीनची ऑर्डर मीटर बसल्यावरच द्यायची असं दोघांनी ठरवलं आहे.